श्रद्धा इंटरनेटवर उघडपणे मांडताना: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गंगाखेडची. शाळेत मराठी शिकवते, गळ्यात माळ आहे, आणि २०१६ पासून आपल्या भक्तीविषयी फेसबुकवर स्वतःच्या नावानं लिहिते. त्यामुळं लोक विचारतात. एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर कुणी बाजूला घेऊन विचारतं, दहावीतली पोरगी वही तपासून घ्यायच्या निमित्तानं विचारते. विचारणाऱ्यांत वारकरी आहेत, तुळजापूरच्या आराधी आहेत, बौद्ध, मुसलमान, लिंगायत आहेत, जालन्याकडचे ख्रिस्ती आहेत, नांदेडचे शीख आहेत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते.

भक्ती ही आपल्या आतली गोष्ट. ती चारचौघांत, तीही नेटवर, मांडायची कशाला?

मराठवाड्यात भक्ती दाराआड कधी राहिलीच नाही. गावात सप्ताह बसला की पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत सगळं गाव त्यात असतं. आराधी बाई कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन पाच घरं जोगवा मागते. तिची श्रद्धा रस्त्यावरच असते. आमच्या गावच्या जनाबाईनं दळताना, झाडलोट करताना भेटलेला विठ्ठल लोकांना सांगितला. देवगाव रंगारीला १६२८ साली जन्मलेल्या बहिणाबाईनं, जिची समाधी शिऊरला आहे, आपलं लग्न, नवऱ्याचा मार आणि तुकोबांची ओढ हे सगळं स्वतःच्या तोंडानं अभंगांतून सांगितलं. त्या काळी एका बाईनं ‘माझ्या बाबतीत असं घडलं’ म्हणून उभं राहणं म्हणजे काय, याचा विचार केला की मला अजून अंगावर काटा येतो.

मी पहिली पोस्ट लिहिली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या नळाला तर पाणी कधी यायचं तेही सांगता येत नव्हतं. सकाळी तुळशीला पाणी घालायला तांब्या उचलला आणि हात थांबला. घरात पिण्याला अडीच घागरी. मग तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घातलं आणि मनात म्हणाले, विठ्ठला, हे चालतं का रे तुला? एवढंच लिहिलं, सहा ओळी. रात्री औशाकडच्या एका अनोळखी बाईंचा मेसेज आला: ‘ताई, मी भांडी विसळलेलं घालते. रोज रडू येतं. कुणाला सांगितलं नव्हतं.’ तेव्हापासून ‘कशाला लिहायचं’ हा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

पण कीर्तन आणि पोस्ट यांत एक फरक आहे, तो पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. कीर्तन संपतं, लोक बुक्का लावून घरी जातात, ऐकलेलं मनात मुरतं. पोस्ट तिथंच राहते. पाच वर्षांनी कुणीतरी ती उकरून काढतं, आणि तोवर तुम्ही बदललेले असता.

म्हणजे सगळ्या जगाला दिसेल असं लिहायचं?

जग वगैरे विसरा. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याची पोस्ट जग वाचत नाही. भावकी वाचते, सोयरे वाचतात, दुकानात उधारी असलेला माणूस वाचतो, शाळेतल्या लेकरांचे आईबाप वाचतात. मोठ्या शहरात नेटवर भांडून माणूस गर्दीत मिसळून जातो. इथं दुसऱ्या दिवशी तोच माणूस पिठाच्या गिरणीवर आपल्यामागं डबा घेऊन उभा असतो. मी पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून येतं: वाचणारा आपल्याला ओळखतो, आणि आपल्याला उद्या त्याचं तोंड पाहायचं आहे.

याचा त्रास आहे तसा मोठा फायदाही आहे. आपण खोटं लिहिलं तर लगेच कळतं. माळ घालून मटणाच्या ताटावर बसलेला माणूस ‘सात्त्विक जीवन’ या विषयावर आमच्याकडं फार दिवस लिहू शकत नाही.

सुरुवात कशी करू? मला नीट लिहिता येत नाही.

लिहू नका, बोला. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. ‘वारी’चं ‘वारे’ होतं, तेवढं हातानं सुधारायचं. आपली बोली आली तर येऊ द्या. ‘मह्या मायनं’ असं लिहिलेलं मला ‘माझ्या मातोश्रींनी’पेक्षा जास्त खरं वाटतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘श्रद्धा म्हणजे काय’ यावर लिहायला बसू नका. काल काय झालं ते सांगा. माझ्या एका विद्यार्थिनीनं पहिल्या रोजाबद्दल लिहिलं होतं: दुपारी चारला डोकं दुखत होतं, दादी डोक्यावरून हात फिरवत होती आणि इफ्तारच्या खजुराची बी तिनं कितीतरी वेळ तोंडात तशीच ठेवली. रोजाचं महत्त्व तिनं कुठंच लिहिलं नव्हतं, आणि तरी ते मला त्या दिवशी जितकं कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं.

माझा देव मानताना दुसऱ्याचा दुखावला जाईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथं माझ्याच हातून चूक झाली आहे.

माळकरी म्हणून मला बळी देण्याच्या प्रथेचा त्रास होतो. एका वर्षी मी लिहिलं की नवसाला बकरं कापणं ही भक्तीच नव्हे, देवाला असलं काही लागत नाही, हे अडाणीपणाचं लक्षण आहे. दोनशेच्या वर लाइक्स आले. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

आमच्या गल्लीत एक बाई आहेत, माझ्याहून वयानं मोठ्या, मी त्यांना मावशी म्हणते. त्यांच्या घरी दरवर्षी दर्ग्याला कंदुरी असते, म्हणजे नवसाचं बकरं कापून जेवण. घर हिंदू, दर्गा मुसलमानांचा, आणि कंदुरीचं जेवण सगळ्या गल्लीला. मराठवाड्यात हे काही नवं नाही. त्यांचा मुलगा लहानपणी तापातून वाचला तेव्हाचा तो नवस. पोस्टनंतर दोन दिवसांनी मावशी माझी परात परत द्यायला आल्या. एरवी सरळ स्वयंपाकघरात येऊन बसणारी बाई उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. परात खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘बाई, तुमी लिवलेलं पोरानं वाचून दावलं. आमी अडाणीच हाव.’ आणि गेल्या. परात त्यांनी घासूनपुसून लख्ख केलेली होती.

मावशींना वाचता येत नाही. माझ्या डोक्यात वाचणारे म्हणजे माझ्यासारखे शिकलेले लोक होते. ज्या पोराच्या जिवासाठी तो नवस होता, त्याच पोरानं माझे शब्द आईला मोठ्यानं वाचून दाखवले.

मी पोस्ट काढली, त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. मग पुन्हा लिहिलं, या वेळी फक्त माझं: मी माळ का घातली, मला रक्त का बघवत नाही, लहानपणी आजोळी काय पाहिलं होतं. बळीबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण ‘मी हे करत नाही, कारण’ असं लिहिणं आणि ‘हे करणारे अडाणी’ असं लिहिणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मी साक्ष देते. दुसऱ्यात मी निकाल देते, आणि निकाल द्यायला मला कुणी बसवलेलं नाही. पोस्ट टाकण्याआधी मी आता एकदा वाचते आणि ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ कुठं आहे ते बघते. जिथं ‘ते लोक’ आले तिथं थांबते.

मावशी तीन आठवड्यांनी पुन्हा स्वयंपाकघरात आल्या.

कायदा काय म्हणतो? पोस्टमुळं गुन्हा दाखल होऊ शकतो का?

आपली श्रद्धा मानण्याचा, आचरण्याचा आणि तिचा प्रसार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २५ नं दिला आहे. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा आहेत. बोलण्याचं स्वातंत्र्य कलम १९ मध्ये आहे, तेही मर्यादांसह. प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली सांगितलं आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातली तीन कलमं लक्षात ठेवावीत. कलम १९६ धर्म, जात, भाषा यांवरून गटांत वैर पेटवण्याबद्दल आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. कलम २९९ जाणीवपूर्वक, द्वेषबुद्धीनं धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान करून भावना भडकवण्याबद्दल आहे, तेही तीन वर्षांपर्यंत. पूर्वी ज्यांना लोक १५३-अ आणि २९५-अ म्हणत, तीच ही कलमं. कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं शब्द उच्चारण्याबद्दल, एक वर्षापर्यंत. जुन्या संहितेत ३०२ म्हणजे खून होता, त्यामुळं अजून लोकांचा घोळ होतो.

नेटवर आक्षेपार्ह मजकूर पाठवण्याबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. कुणी त्या कलमाचा धाक दाखवला तर घाबरू नका.

तुळशीला पाणी घातल्याबद्दल, इष्टलिंगाच्या पूजेबद्दल, सकाळच्या बुद्धवंदनेबद्दल लिहिणाऱ्याला यातल्या एकाही कलमाची भीती बाळगायचं कारण नाही. गुन्हे दाखल होतात ते दुसऱ्याच्या देवाबद्दल, गुरूबद्दल, महापुरुषाबद्दल लिहिल्यामुळं, आणि पुष्कळदा तर दुसऱ्यानं लिहिलेलं न वाचता पुढं ढकलल्यामुळं.

मी भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. कुणी काही वाईट टाकलं तर मी अडकेन का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्यात त्याचा समान हेतू असल्याचं दिसलं पाहिजे. पण न्यायालयात सुटणं वेगळं आणि गावात मान राहणं वेगळं. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. काढा, आणि टाकणाऱ्याला ग्रुपवर न बोलता फोन करून सांगा. तणावाच्या दिवसांत फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग करून ठेवा.

‘हा मेसेज एकवीस जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता येईल’, असे मेसेज पुढं पाठवावेत का?

नाही. ज्याला भीती घालून पाठवायला लावलं ती त्याची श्रद्धा नव्हे, आणि ज्यानं भीती घातली त्याची तर मुळीच नव्हे.

देवाच्या कृपेनं आजार बरा झाला. हे लिहू नको का?

लिहा, पण काय घडलं तेच लिहा. माझ्या नणंदेचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आम्ही दोघी जावा हरिपाठ म्हणत बसलो होतो. तिला आत भूल देताना तो ऐकू येत होता म्हणे. तिची भीती कमी झाली, आमचा वेळ निभावला, डॉक्टरांनी काम चोख केलं. हे सगळं मी लिहिलं. हरिपाठानं गाठ गेली असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि त्यावर विसंबून एखाद्या बाईनं तपासणी पुढं ढकलली असती. आमच्याकडं बाया तशाही दुखणं अंगावर काढतात. त्यांना आणखी एक कारण माझ्या पोस्टनं द्यायचं नाही.

यात कायदाही आहे. ठरावीक आजारांवर ताईत, मंत्र, कवच असल्या चमत्कारी उपायांची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. चमत्काराचे दावे करून लोकांना फसवणं, लुबाडणं हा त्यात गुन्हा आहे. तो कायदा वारीच्या किंवा पूजेच्या विरोधात आहे असा प्रचार मी अनेकदा ऐकते. तसं नाही. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यानं हात लावलेला नाही.

एखाद्या बाईच्या अंगात आलं, त्याचा व्हिडिओ टाकला तर चालेल? तसे व्हिडिओ खूप पाहिले जातात.

कृपा करून टाकू नका. घुमणाऱ्या बाईचे केस सुटलेले असतात, पदर ढळलेला असतो, तिला स्वतःचं भान नसतं. तुम्ही ती देवी आहे असं मानत असाल तर देवीला विचारल्याशिवाय तिचं चित्रण कसं करता? आणि ती दुखावलेली, थकलेली बाई आहे असं मानत असाल तर मग बोलायलाच नको. मी नवरात्रात एका आराधी मंडळात बसले होते. संबळ चढत गेला, पोत पेटवला, आणि एक सून घुमायला लागली. चार फोन वर आले. तिच्या सासूनं उठून स्वतःच्या लुगड्याचा पदर तिच्यावर धरला आणि फोनवाल्या पोरांकडं असं पाहिलं की चारही हात खाली आले.

गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी फोन चालत नाही, तिथं लपूनछपून काढलेला फोटो भक्तीचा होत नाही. लंगरात जेवणारी माणसं, दर्ग्यात नवस बोलणाऱ्या बाया, विहारात डोळे मिटून बसलेले लोक यांचे चेहरे विचारल्याशिवाय घेऊ नका. स्वतःचे पाय, हात, टाळ, पणती यांचे फोटो काढा. वारीत मी सगळ्यात जास्त फोटो पायांचे काढते.

लेकराच्या जावळाचे, बारशाचे फोटो?

घरातल्या लोकांपुरते. शाळेच्या गणवेशातला, घराच्या पाटीसकटचा फोटो अजिबात नको. आपण श्रद्धा ठरवून मांडतो, लेकरानं अजून काही ठरवलेलं नसतं.

मी घरच्यांपेक्षा वेगळ्या वाटेनं गेलो आहे. नेटवर जाहीर करू का?

हा प्रश्न घेऊन येणारी तरुण पोरं-पोरी फार एकटी असतात. कुणी ख्रिस्ती प्रार्थनेला जायला लागलेला असतो, कुणी बौद्ध धम्माकडं ओढला गेलेला असतो, कुणाचा देवावरचा विश्वासच उडालेला असतो. मी सगळ्यांना एकच सांगते: आधी आईला सांग. तिला तुझ्या तोंडून कळायला हवं, शेजारणीच्या फोनवरून कळायला नको. ती रडेल, बोलेल, जेवण सोडेल. पण नेटवरून कळलेल्या आईचं दुखणं वेगळंच असतं, ते लवकर भरत नाही.

लगेच जाहीर करायची गरज नसते. नवी श्रद्धा बाळंतिणीसारखी असते, तिला काही दिवस वाऱ्याला काढू नये.

एक व्यावहारिक बाब मी जाणूनबुजून सांगते, कारण ती बहुतेकांना उशिरा कळते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच मिळतो. ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेल्याला मिळत नाही. प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटलं. म्हणजे बाप्तिस्म्याचा फोटो आणि हातातलं जातीचं प्रमाणपत्र यांचा संबंध येऊ शकतो. हा नियम न्याय्य आहे की नाही यावर मोठा वाद चालू आहे. माझं म्हणणं एवढंच की लपवायला शिकू नका, पण परिणाम माहीत करून घेऊन, वकिलाशी बोलून मग पाऊल टाका.

आणि जातपंचायतीनं किंवा भावकीनं वाळीत टाकलं, लग्नकार्याला बोलवायचं नाही असा ठराव केला, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रानं २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आहे. पोलिसांत तक्रार करता येते.

सोयरीक, नोकरी, दुकान यांवर परिणाम होतो का?

होतो. मुलीचं स्थळ बघायला येणारे आता आधी फेसबुक बघतात. माझ्या माळेमुळं माझ्या भाचीला एका ठिकाणी नकार आला, ‘आमच्यात खाणंपिणं चालतं’ म्हणून. मला वाटतं बरंच झालं. लग्नानंतर तिच्या ताटावरून भांडणं होण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

सरकारी नोकरांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ डोळ्यांसमोर ठेवावेत. स्वतःची वारी लिहायला हरकत नाही. पदाचं नाव लावून, कार्यालयाच्या खुर्चीत बसून धार्मिक आवाहन करायला आहे. मी ‘शिक्षिका’ म्हणून नव्हे, फक्त नावानं लिहिते. वर्गात मी सगळ्या लेकरांची आहे. आणि निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराच्या पोस्टवर देवाचं नाव जोडू नका. धर्माच्या नावावर मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण ठरतं.

शिव्या आल्या, धमकी आली तर?

रात्री उत्तर देऊ नका. तारीख, वेळ, नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपून ठेवा, मग कमेंट काढा आणि माणसाला ब्लॉक करा. धमकी असेल, बाईला घाण लिहिलं असेल तर पोलीस ठाण्यात किंवा सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या. १९३० हा नंबर पैशाच्या फसवणुकीसाठी आहे.

शिवी देणारा ओळखीचा निघाला तर एकदा भेटायला जा. मी एकदा गेले होते. विशीतला पोरगा, माझ्याच शाळेत शिकलेला. तो दारातच इतका शरमला की त्याच्या आईलाच मला ‘बसा बाई, चहा घ्या’ म्हणावं लागलं. प्रत्येक वेळी असं होणार नाही, आणि एकट्या बाईनं तर मुळीच जाऊ नये. मी नवऱ्याला सोबत नेलं होतं.

गावात काही वाजलं असेल, मिरवणुकीचा वाद झाला असेल, तेव्हा आठ-दहा दिवस काहीच टाकू नका. साधा अभंगसुद्धा त्या दिवशी घोषणेसारखा वाचला जातो.

मी स्वतः गायलेला अभंग टाकला आणि आवाजच बंद झाला. का?

संतांच्या अभंगांवर कुणाची मालकी नाही. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, आणि संतांना जाऊन शतकं झाली. पण एखाद्या संगीतकारानं दिलेली चाल आणि कंपनीनं केलेलं ध्वनिमुद्रण यांवर हक्क असतो. मागं कॅसेटमधलं संगीत लावून गायलात तर यंत्रणा ते ओळखते आणि आवाज काढून टाकते. टाळ, पखवाज आणि आपला गळा घ्या, पारंपरिक चाल घ्या.

सप्ताहाची वर्गणी क्यूआर कोडनं मागितली तर?

नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर तिच्याच नावाच्या खात्यावर घ्या. नुसतं मंडळ असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क नुसार धर्मादाय कार्यालयाची रीतसर परवानगी काढावी लागते, गणेश मंडळं काढतात तशीच. कुणा एकाच्या खासगी नंबरावर पैसे मागवू नका, माणूस कितीही भला असो. आणि देवस्थानाच्या नावानं फिरणाऱ्या कोडवर पैसे टाकण्याआधी पडद्यावर येणारं खातेदाराचं नाव वाचा.

मनात शंका आली, विश्वास डळमळला, तर तेही लिहावं का?

मी लिहिलं आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, माझा थोरला भाऊ गेला. चार महिने मी देवघरात दिवा लावला नाही. नवरा लावायचा. मी त्या चार महिन्यांत काही टाकलं नाही, आणि नंतर जेव्हा लिहिलं तेव्हा हेच लिहिलं की दिवा लावला नव्हता, आणि पुन्हा का लावला ते मला नीट सांगता येत नाही. काही माळकऱ्यांना ते आवडलं नाही. एक महाराज म्हणाले, बाई, असं उघड्यावर लिहू नये, लोकांची श्रद्धा ढळते. मी त्यांना नमस्कार केला आणि पोस्ट तशीच ठेवली. त्या पोस्टखाली जितक्या लोकांनी आपापल्या माणसांची नावं लिहिली, तितकी माझ्या दुसऱ्या कुठल्याही पोस्टखाली कुणी लिहिली नाहीत.

फक्त दुःख ताजं असताना लिहू नका. जखम ओली असताना माणूस जे लिहितो ते त्यालाच नंतर वाचवत नाही.

आमचे वडील विणेकरी होते, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या फेसबुकवर वारीचे फोटो, रोजची ओवी असं पुष्कळ आहे. ते बंद करावं का?

बंद करू नका. फेसबुकला मृत्यूचा दाखला देऊन खातं स्मृतिखातं करता येतं. मग नावाच्या आधी तशी खूण येते, त्यात कुणाला शिरता येत नाही, आणि जुनं लिखाण राहतं. वडिलांनी हयात असताना सेटिंगमध्ये कुणाला वारस नेमलं असेल तर त्याला पानाची थोडी देखभाल करता येते. मी माझ्या मुलीला नेमून ठेवलं आहे. मोबाइल बदलताना फोटो जातात, म्हणून त्यांच्या सगळ्या ओव्या एका वहीत हातानं उतरवून घ्या, तारखेसकट. त्यांच्या वाढदिवसाला लोक आजही शुभेच्छा टाकत असतील, तर त्याखाली फक्त ‘राम कृष्ण हरी’ लिहा, आणि या आषाढीला वीणा कुणाच्या गळ्यात आहे तेही लिहा. त्यांच्या दिंडीतल्या टाळकऱ्यांना ते वाचायचं असेल.